बिनदुधाचा चहा

काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे एक्सरे म्हणत. पांढऱ्याशुभ्र उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्यांची रांग सरकत जायची आणि ही स्टुलावर बसल्या बसल्या नेमकी बुडबुडा राहिलेली, मानेशी केसाएवढी चीर गेलेली बाटली उचलून बाजूला काढायची. शेजारची कळवळायची, "अगं, चांगली होती की ती!" मग ही एक शब्दही न बोलता बाटली उजेडाकडे धरून फिरवून दाखवायची आणि शेजारची गप्प व्हायची.

घरीही तोच खाक्या. दुकानदाराने दिलेली अंडी, नवऱ्याने दिलेला शब्द, टीव्हीवरचा हवामानाचा अंदाज, कशावरच तिचा पटकन विश्वास बसायचा नाही. नवरा प्लंबर होता. स्वभावाने गरीब, पण वादाला पक्का. खिडकी उघडी ठेवायची की बंद, एवढ्यावरून तो तास तास भांडू शकायचा. तो म्हणायचा, "देव हिला बनवताना 'बरं' हा शब्द घालायलाच विसरला."

अशा बाईला स्वतःच्या पोटातलं मात्र काही दिसलं नाही, हे तिला फार लागून राहिलं होतं. पोट फुगायचं, ते तिने वयावर ढकललं. वजन उतरलं तेव्हा मैत्रिणींनी कौतुक केलं म्हणून खूश झाली. शेवटी एक दिवस कामावरच कळ येऊन वाकली ती सरळ झालीच नाही. तपासण्या झाल्या. कॅन्सर मोठ्या आतड्यात सुरू झाला होता आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर जागोजागी पसरला होता, कुणी मूठभर वाळू भिरकावून द्यावी तसा.

सर्जन बाई बुटक्या आणि भराभर बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. "डोळ्यांना दिसेल तेवढं सगळं आम्ही काढणार. मग पोटातच गरम केलेलं केमोचं औषध नळ्यांनी फिरवत ठेवणार. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यासाठी ते."

"आणि ते मेलं की नाही, हे कोण बघणार?" तिने विचारलं.

"लगेच नाही बघता येत. पुढच्या स्कॅनमध्ये हळूहळू कळेल."

हे उत्तर तिला मुळीच आवडलं नाही. पण दुसरं कुणाकडे नव्हतं.

सकाळी तिला आत नेलं ते बाहेर आणेपर्यंत अंधार पडला होता. आतड्याचा मोठा तुकडा गेला, अंडाशय गेले, पोटातला चरबीचा पडदा गेला. छातीखालून सरळ खालपर्यंत टाके आणि पोटावर बाजूला एक पिशवी, आतडं जुळून येईपर्यंत तिथूनच सगळं बाहेर. त्या पिशवीकडे बघायचंही तिला धाडस होत नव्हतं. बघितलं ते धाकट्या बहिणीने.

धाकटी बालवाडीत शिकवायची. नवऱ्याशी काडीमोड झाल्यापासून एकटीच राहायची, दोन बसथांबे सोडून. घरात तिला सगळे छोटीच म्हणत. बोलायला लागली की श्वास घ्यायलाही थांबायची नाही. तिने रजा काढली आणि येऊन राहिली. पिशवी बदलताना ती लहान मुलांची अंकांची गाणी म्हणायची. एक दोन म्हणत जुनी काढायची, तीन चार म्हणत पुसायची, पाच सहा म्हणत नवी लावायची. ताईला हसू यायचं, आणि हसलं की टाके ओढायचे. "गप बस, मेले," ती म्हणायची, आणि छोटी आणखी जोरात गायची.

पिशवी गेली, आतडं जोडलं गेलं. पायांत बळ आलं. ती कामावर परतली आणि पुन्हा बाटल्या बाजूला काढू लागली. अंगात पूर्वीची रग राहिली नव्हती, जेवणानंतर कधी कुठे पळावं लागेल याचा नेम नव्हता, पण ती होती. दर काही महिन्यांनी स्कॅन व्हायचा आणि दर वेळी सर्जन बाई म्हणायच्या, "स्वच्छ." दर वेळी ती घरी येऊन नवऱ्याला विचारायची, "त्या हे म्हणताना माझ्याकडे बघत होत्या की टेबलाकडे?"

अशी दोन वर्षं गेली, आणि मग घरात काहीतरी बदललं.

पहिली गोष्ट म्हणजे नवरा वाद घालेनासा झाला. ती म्हणाली खिडकी बंद करा, त्याने केली. ती म्हणाली उघडा, त्याने उघडली. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. धडधाकट बायकोशी कुणी इतकं गोड वागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे छोटी आली की ती दोघं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायची आणि ही दारात दिसली की नळ सोडायची. खरंच, नळ सोडायची. सिंकमध्ये एक भांडं नसताना.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. नवऱ्याचा फोन टेबलावर वाजला तेव्हा पडद्यावर तिच्याच इस्पितळाचं नाव होतं. तो झडप घालून फोन घेऊन बाल्कनीत गेला, दार ओढून घेतलं, आणि आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलायचं असलं की त्याचे कान आधी बोलायचे.

"कुणाचा होता?"

"चुकून लागला होता."

म्हणजे परत आलंय, तिने मनाशी म्हटलं. मागच्या स्कॅनमध्ये दिसलंय आणि सर्जन बाईंनी ते याला सांगितलंय, मला नाही. ही दोघं आता ठरवतायत, हिला कधी सांगायचं, सांगायचं की नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून लवकर सुटून ती वेळ न घेताच इस्पितळात जाऊन बसली. सर्जन बाई बाहेर आल्या तशी उठून उभी राहिली. "मला खरं सांगा. मी ऊर बडवून रडणारी बाई नाही."

बाईंनी तिला आत नेलं, कॉम्प्युटरवर जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावले, बोटाने एकेक जागा दाखवली. करड्या रंगाचे ढग होते नुसते. जन्मात पहिल्यांदा तिची नजर काही कामाची नव्हती.

"स्वच्छ आहे," सर्जन बाई म्हणाल्या. यावेळी सरळ तिच्याकडे बघून म्हणाल्या.

"मग माझ्या नवऱ्याला इथून फोन कशाला?"

बाईंचा हात माऊसवर थांबला. त्या म्हणाल्या, "मी तुमच्याशी फक्त तुमच्याबद्दल बोलू शकते. बाकी घरी विचारा."

परतीच्या वाटेवर ती बसमध्ये उभीच राहिली, जागा रिकामी असून. बाई खोटं बोलत असल्या, तर प्रश्न सरळ होता. पण खरं बोलत असल्या तर? आजार नसेल, तर ही दोघं लपवतायत काय?

उत्तर तिला नको असलेल्या बाजूने आलं. पॅकिंगमधली मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाली, "काल तुझा नवरा आणि तुझी बहीण दिसली बागेत. बाकावर बसली होती. हाक मारणार होते, पण म्हटलं जाऊ दे."

"जाऊ दे का?"

मैत्रीण गडबडली. "अगं, तिचा हात त्याच्या हातात होता. रडत होती वाटतं. काही झालंय का घरात?"

"काही नाही झालं," ती म्हणाली आणि डबा तसाच बंद केला.

त्या दुपारी तिच्या समोरून कितीतरी फुटक्या बाटल्या तशाच पुढे निघून गेल्या. तिला दिसत होतं ते वेगळंच. ऑपरेशननंतर अतिदक्षता विभागात नाकात नळी घालून ती पडली होती, डोळे मिटलेले, आणि सगळ्यांना वाटत होतं की तिला काही ऐकू येत नाही. ताप उतरत नव्हता, डॉक्टरांनी घरच्यांना मनाची तयारी ठेवायला सांगितलं होतं. तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून नवरा धाकटीला म्हणाला होता, "ही गेली तर तू आमच्याकडेच येऊन राहा. मला एकट्याला नाही जमायचं." हे वाक्य तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गुंगीत ऐकलेलं, खरं कशावरून, असं स्वतःला समजावून बाजूला ठेवलं होतं. आता ते वाक्य लख्ख उजेडात समोर आलं, आणि त्यात केवढी मोठी चीर होती!

म्हणजे सगळं ठरलं होतं. ती जायची, धाकटी यायची. माणसं मनाची तयारी करतात तेव्हा नुसती रडायची तयारी करत नाहीत, पुढचीही करतात. आणि मग ही बया मेलीच नाही.

ती घरी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. नवरा दाढी कधी करतो, छोटी कुठल्या रंगाची ओढणी घालून येते, कोण कुणाला काय वाढतं. स्वतःचाच तिला वीट आला होता, पण नजर काही आवरेना.

आठवड्याच्या शेवटी नवरा म्हणाला, "छोटीच्या बाथरूमची पाइपलाइन फुटलीय. आज रात्री इथंच राहील."

"प्लंबरच्या मेहुणीची पाइपलाइन फुटते आणि ती आपल्याकडे राहायला येते? दुरुस्त करा की."

"करणार ना. सामान यायचंय." कान लाल.

त्याची अवजारांची पिशवी दिवसभर दारामागे होती तशीच होती. तिने दोनदा जाऊन बघितलं.

संध्याकाळी छोटी आली. चेहरा ओढलेला, आणि तोंडाला कुलूप. दोन वाक्यं धड बोलली नाही. स्वतःचा एक मोठा जग घेऊन आली होती, त्यात पांढुरकं पाणी. "उन्हाचा त्रास होतोय, मीठ-साखरेचं आहे," म्हणाली. जेवायला बसले तर तिने ताट नको म्हटलं. नुसतं पातळ, गाळलेलं सूप वाटीत घेतलं.

"आमच्या घरचं अन्न गोड लागत नाही वाटतं आता?" ताई म्हणाली.

"भूक नाही गं."

"बागेत तरी काही खाल्लं होतंस का? बाकावर?"

नवऱ्याचा घास हातात राहिला. छोटीने भाऊजींकडे बघितलं, भाऊजींनी छोटीकडे. ते एकमेकांकडे बघणंच तिला सहन झालं नाही.

"काय बघताय? मला सगळं कळतं. मी तिथं नळ्या लावून पडले होते तेव्हाच तुमचं ठरलं होतं. मी ऐकलंय. मी मरायची वाट बघत होतात ना दोघं? मेले नाही म्हणून पंचाईत झाली तुमची!"

"अगं, काय बोलतेस तू!" नवरा उठलाच.

"आणि तू," ती धाकटीकडे वळली, "माझं ते सगळं पुसलंस, धुतलंस, गाणी म्हटलीस. म्हणून का? घर आधीच बघून ठेवायला?"

छोटी पांढरी फटक पडली. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग एकदम पोटावर हात दाबला, उठली आणि धावत बाथरूममध्ये गेली. कडी वाजली.

"मी काही चुकीचं बोलले का?" तिने नवऱ्याला विचारलं. तो नुसता बाथरूमच्या दाराकडे बघत उभा राहिला.

छोटी बाहेर आली, खुर्चीत बसली, जगमधलं पाणी ग्लासात ओतलं, नाक दाबून घटाघट प्यायली. शहारली. आणि लगेच पुन्हा उठून धावली.

ताई टेबलाशी बसून राहिली. समोर धाकटीचं न संपलेलं सूप होतं. त्यात एक कण नव्हता, भाजीचा तुकडा नव्हता. शेजारी तिचाच चहाचा कप होता. चहा काळा, बिनदुधाचा. आणि छोटी म्हणजे चहात दूध नव्हे, दुधात चहा घेणारी. लहानपणी यावरून तिने मार खाल्ला होता.

आदल्या दिवशी फक्त पातळ, आरपार दिसेल तेच. दूध नाही. मग ते बेचव पाणी, ग्लासामागून ग्लास, आणि पोट रिकामं होईपर्यंत धावाधाव. हे सगळं तिने स्वतः किती वेळा केलं होतं! आणि एवढा वेळ समोर बसून तिला दिसलं नव्हतं.

छोटी परत आली तेव्हा तिने विचारलं, "उद्या किती वाजता आहे तुझी दुर्बिणीची तपासणी?"

छोटी दारातच थांबली. मग तिचा चेहरा लहान पोरीसारखा वाकडा झाला. "सकाळी. पहिलाच नंबर."

रडत रडत तिने सांगितलं. ताईच्या ऑपरेशनच्या वेळी सर्जन बाईंनी बजावलं होतं की सख्ख्या भावंडांनी आतड्याची तपासणी करून घ्यायलाच हवी. छोटीने घरी येऊन सांगितलं होतं, केली, सगळं ठीक आहे. केलीच नव्हती. दोनदा वेळ घेतली आणि दोनदा इस्पितळाच्या फाटकावरून परत फिरली. आता महिनाभर शौचावाटे रक्त जात होतं. तपासणीला गुंगीचं औषध देतात, घरी न्यायला कुणीतरी लागतं, म्हणून भाऊजींना सांगितलं आणि शपथ घातली. इस्पितळात फोनही त्यांचाच दिला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगू? तुझ्या पोटावर पिशवी लावत होते आणि मनात म्हणत होते, देवा, मला हे नको. मला ताईसारखं नाही व्हायचं. हे तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ताईला आनंद झाला होता. रक्त जातंय हे ऐकताना मनात पहिला विचार आला तो हा की म्हणजे माझं परत आलेलं नाही, आणि नवराही माझाच आहे. छातीवरचा दगड बाजूला झाला आणि तिने भरभरून श्वास घेतला. मग ती कशातून सुटल्याचा श्वास घेत होती ते तिला कळलं, आणि समोर बसलेल्या बहिणीकडे तिला बघवेना.

"आणि ते वाक्य?" तिने नवऱ्याकडे वळून विचारलं. "आमच्याकडेच येऊन राहा?"

त्याने नाकारलं नाही. "म्हणालो असेन. त्या दिवशी मी काय वाट्टेल ते बोलत होतो. त्या डॉक्टरीण बाईंना म्हणालो होतो की माझं आतडं काढून हिला लावा. त्या म्हणाल्या, तसं नसतं हो. मी म्हटलं, नळ तर मी असेच बदलतो." तो तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला. "मला एकट्याला खरंच नसतं जमलं."

त्याचे कान नेहमीच्या रंगाचे होते.

माफी मागणं तिला कधी आलंच नव्हतं. तिने जग उचलला, फ्रिजमधला बर्फ त्यात घातला आणि एक नळी शोधून आणली. "थंडगार पी, नळीने, जिभेच्या मागून. वास येत नाही. आणि घासून पुसू नकोस, पाण्याने धू आणि हे मलम लाव, नाहीतर पहाटेपर्यंत बसता येणार नाही." छोटी आत गेली की ती दाराबाहेर स्टूल घेऊन बसायची. एकदा आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा तिने दारावर टकटक केली.

"छोटे."

"काय?"

"ताईसारखं म्हणजे कसं गं? जिवंत?"

आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सकाळी तिघंही गेली. दुर्बिणीत गाठ सापडली. मोठ्या आतड्यातच, पण लहान. पुढच्या तपासण्यांमध्ये बाहेर कुठे पसरलेली दिसली नाही. ऑपरेशन करायचं ठरलं, छोट्या छिद्रांतून. गरम औषधाची गरज नव्हती.

"असं आत्ता म्हणतायत," ताई नवऱ्याला म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी ती पहिल्यांदाच दाराच्या बाहेरच्या बाजूला बसली होती. आत असताना काही कळत नाही, बाहेर बसणाऱ्याचे मात्र काळजाचे ठोके मोजून होतात, हे तिला माहीतच नव्हतं. नवरा न सांगता तिच्यासाठी पाणी आणत होता. त्याला कुठला बाक, कुठलं पाणी, कुठल्या दारातून डॉक्टर येतात, सगळं पाठ होतं. हे सगळं त्याने तिच्यासाठी पाठ केलं होतं.

आणि सर्जन बाई जेवणवेळेच्या आधीच बाहेर आल्या. ती ताडकन उठून उभी राहिली. एवढ्यात? म्हणजे उघडलं, बघितलं आणि तसंच बंद केलं. असं करतात, करण्यासारखं काही उरलं नसलं की. तिने वॉर्डात ऐकलं होतं.

"झालं व्यवस्थित," बाई टोपी काढत म्हणाल्या. "गाठ सगळी निघाली. पिशवी लावावी लागली नाही."

"मग इतक्या लवकर कशा आलात?"

सर्जन बाई दमलेल्या होत्या, तरी हसल्या. "कारण तुमच्यासारखं नव्हतं. लवकर सापडलं."

तिने बाईंचा चेहरा नीट न्याहाळला. डोळे, तोंडाचे कोपरे, हात. शोधूनही तिला काही सापडलं नाही. मग ती बाकावर बसली आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. गाठीचा रिपोर्ट यायचा होता, पुढची कित्येक वर्षं दोघींना तपासण्या करत राहायच्या होत्या. त्यातल्या एकाही रिपोर्टवर तिचा पहिल्या झटक्यात विश्वास बसणार नव्हता, ते तिलाही ठाऊक होतं आणि नवऱ्यालाही.

तिसऱ्या दिवशी तिने धाकटीला वॉर्डाच्या लांबलचक गॅलरीतून चालवलं. छोटी वाकून, पोटाला उशी धरून, एकेक पाऊल टाकत होती आणि दर खिडकीपाशी थांबत होती. बोलायचं बळ नव्हतं, तरी बोलत होती. नर्सबद्दल, शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या घोरण्याबद्दल.

मग एका खिडकीशी ती ताईकडे वळली. "ताई, ही भीती कधी जाते गं?"

"खरं सांगू की बरं वाटेल असं सांगू?"

छोटीने विचार केला. "आज बरं वाटेल असं सांग. खरं उद्या सांग."

"जाते," ताई म्हणाली. "चल, त्या पुढच्या खिडकीपर्यंत."